सातव्या चौकटीतला आकडा

फेब्रुवारीतली रविवारची सकाळ. न्यू जर्सीत, एडिसनला भाचीकडे मुक्कामाला होतो. चहाच्या कपांशेजारी तिने कराच्या कागदांचा गठ्ठा पसरला होता. लाभांशाच्या '१०९९-डिव्ह' फॉर्मच्या सातव्या चौकटीवर बोट ठेवून तिने विचारलं, "मामा, ब्रोकरेज खात्यातल्या परदेशी फंडाचा कर इथे दिसतो. रॉथमध्येही तोच फंड आहे. त्याचा कुठे दिसतो?"

दिसत नाही, पण कापला मात्र जातो. परदेशी शेअर्सच्या फंडांबद्दलचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

अमेरिकेत निवृत्तीसाठी करसवलतीची खाती आहेत. आयआरए १९७४च्या कायद्याने आलं, फोर-ओ-वन-केचं कलम १९७८ साली आणि सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाचं खातं १९९८पासून. या खात्यांत साठणाऱ्या लाभांशावर अमेरिका दरवर्षी कर घेत नाही. पण जपानी किंवा स्विस कंपनी लाभांश देते, तेव्हा तिथलं सरकार आपला वाटा आधीच कापून घेतं. साध्या ब्रोकरेज खात्यात हा कर 'फॉरेन टॅक्स क्रेडिट' म्हणून अमेरिकी करातून वळता होतो. निवृत्ती खात्यात वळता करायला अमेरिकी करच नसतो, म्हणून ती रक्कम कायमची जाते.

एवढं ऐकून अनेकजण ठरवून टाकतात की, परदेशी फंड निवृत्ती खात्यात ठेवायचाच नाही. थांबा, आधी हिशोब मांडू.

समजा, परदेशी फंडात एक लाख डॉलर आहेत. लाभांश ३ टक्के, म्हणजे ३,००० डॉलर. त्यावर परदेशी कर ८ टक्के, म्हणजे २४०. साध्या खात्यात १५ टक्के दराने अमेरिकी कर ४५० होतो. त्यातून २४० वजा जाऊन २१० भरायचे. क्रेडिट मिळालं तरी खिशातून एकूण ४५० गेलेच. रॉथमध्ये फक्त २४० जातात. म्हणजे क्रेडिट बुडूनही २१० डॉलर वाचले! आता अमेरिकी शेअर्सचा फंड घ्या. लाभांश समजा १.३ टक्के, म्हणजे १,३००. रॉथमध्ये ठेवला की वाचणारा कर १९५. दोन्ही पारडी जवळपास सारखीच.

शिवाय तैवान, हाँगकाँग यांच्याशी अमेरिकेचा करविषयक करार नाही. तिथल्या बऱ्याच कंपन्यांच्या लाभांशाला वर धरलेला १५ टक्क्यांचा सवलतीचा दर मिळत नाही. असा फंड निवृत्ती खात्यात असलेला उलट बरा. साध्या खात्यात असेल, तर जोडप्याला ६०० आणि एकट्याला ३०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट सहसा फॉर्म १११६ न भरताही घेता येतं. तो हक्क सोडू नका.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. इथे परदेशी फंड म्हणजे अमेरिकेत नोंदलेला फंड. पुण्यात असताना घेतलेला भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेतल्या करदात्याच्या हाती असला की 'पीफिक'चे, म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपन्यांचे, जाचक नियम आणि फॉर्म ८६२१ मागे लागतात. अमेरिकेत जाण्याआधीच सल्लागाराला विचारा.

मुळात परदेशी शेअर्स घ्यायचे कशाला? जपानचा निक्केई निर्देशांक १९८९च्या अखेरीस ३८,९१५ वर होता. ती पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. ज्याची सगळी पुंजी एकाच देशात होती, त्याची कमावती वर्षं त्यात सरली. अमेरिकेतही २००० ते २००९ या दहा वर्षांत एस अँड पी ५००ने लाभांश धरूनही तोटाच दिला. या धोक्यापुढे वर्षाला शेकडा चार आण्यांचा कर किरकोळ आहे.

म्हणून आधी ठरवा, परदेशात किती ठेवायचं. खात्याचा विचार त्यानंतर. ज्याच्याकडे फक्त फोर-ओ-वन-के आहे, त्याने क्रेडिटच्या हळहळीपायी परदेशी फंड टाळू नये.

भाचीने कागदाच्या मागे तेच गणित स्वतःच्या आकड्यांनी मांडलं, दोनदा तपासलं. रॉथमधला फंड तिने तसाच ठेवला, आणि सातव्या चौकटीतला आकडा विवरणपत्रात उतरवून घेतला.