कावळा गायक कसा?

वसंतात कोकीळ गाऊ लागला की कवींना स्फूर्ती येते. कावळ्याच्या वाट्याला मात्र शिव्याच. पक्षिशास्त्राचा न्याय वेगळा आहे. त्यात कावळा गायक पक्ष्यांत मोडतो आणि कोकीळ बाहेर राहतो!

कारण वर्गीकरण आवाजाच्या गोडीवर होत नाही, शरीररचनेवर होते. गायक पक्ष्यांच्या पायाची तीन बोटे पुढे व एक मागे असते आणि स्वरयंत्राला स्नायूंच्या अनेक जोड्या असतात. कावळ्याजवळ हे दोन्ही आहे. कोकिळाची दोन बोटे पुढे, दोन मागे. तो पावशाचा भाऊबंद.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला दूरदूरचे लोक येतात. काठच्या बाभळींतील लहान पक्ष्यांकडे सहसा कुणी पाहत नाही. ते ओळखताना आधी कुळ पाहावे, मग जात. आखूड, जाड चोच दाणे फोडणाऱ्यांची : चिमणी, सुगरण, मुनिया. बारीक, बाकदार चोच फुलांतील मध पिणाऱ्या शिंजिराची. आकड्यासारखी चोच खाटकाची. हा भक्ष्य काट्यावर टोचून ठेवतो. पाण्याकाठी तुरुतुरु धावत शेपटी हलवतो तो धोबी. उडता उडता गातो तो चंडोल.

कुळेही कायमची नसतात. पूर्वी चिमणी सुगरणीच्या कुळात धरीत. आता तिचे कुळ वेगळे मानतात. डॉ. सलीम अली यांनी १९३० साली किहीमला सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर एकामागून एक घरटी विणतो व अनेक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यातून दिसले.

माझ्या घरातील वडीलधाऱ्यांनी पक्षिशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही. पण ज्वारीवर उतरणारी भोरडी ते दुरून ओळखतात, कारण तिच्यासाठी त्यांनी गोफण फिरवली आहे. ही भोरडी मैनेच्या कुळातली. ती मध्य आशियाकडून हिवाळ्यात येते; तिकडे विणीच्या काळात टोळ व नाकतोडे फस्त करते.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि ज्वारीच्या रानांत ऊस आला. पाणी आले, हे चांगलेच झाले. परंतु चंडोलाला उघडा माळ लागतो, दाट उसात त्याचे भागत नाही. ज्याचे नावच ठाऊक नाही, तो पक्षी नाहीसा झाला तरी कुणाला कळणार? म्हणून मित्रहो, एक वही करा; चोच, पाय, शेपटी आणि तारीख लिहून ठेवा.