एक अंडं आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी

भोरचा वरंधा घाट असो की वेल्ह्याचा मढे घाट, ऊन तापू लागलं की तुरेवाला सर्पगरुड उंच घिरट्या घालत शिट्ट्या मारतो. पंखांखाली रुंद पांढरा पट्टा दिसला, की ओळख पक्की.

पण गरुड दिसला म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते आणि ते सुमारे ४० दिवस उबवावं लागतं. पक्षी दीर्घायुषी, त्यामुळे पिल्लं जगेनाशी झाली तरी जुनी जोडी दिसतच राहते. म्हणून तीच घरटी दरवर्षी पाहायची: जोडी परतली का, काटक्यांवर हिरवा पाला अंथरला का, पिल्लू उडालं का. काम कंटाळवाणं, पण त्याला पर्याय नाही.

नोंदी नसल्या की काय होतं, हे रानपिंगळा या छोट्या घुबडाने दाखवलं. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. तो नामशेष झाला असावा, असंच मानलं जाई. १९९७ मध्ये तो आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला!

गरुड दिसला तर तारीख, वेळ, ठिकाण ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर नोंदवा. घरट्याचं झाड मात्र कुणाला सांगू नका.