विश्लेषण : विमानाशिवाय एकट्याने २०३ देश… चार वर्षांच्या प्रवासाला दहा वर्षे का लागली?

पाठीवर बॅग, दिवसाला सरासरी २० डॉलरचा खर्च आणि विमानात पाऊल न ठेवण्याचा निश्चय. एवढ्यावर डेन्मार्कच्या टॉर्बयर्न पेडरसन यांनी जगातला प्रत्येक देश एकट्याने पालथा घातला. चार वर्षांत घरी परतण्याचा त्यांचा बेत होता, पण लागली जवळपास दहा वर्षे. त्यांना डोंगर-समुद्रांपेक्षा अधिक अडवले ते व्हिसाने, बंद सीमांनी आणि जहाज कंपन्यांच्या परवानग्यांनी. जगातल्या वजनदार पासपोर्टांपैकी एक खिशात असताना ही गत झाली, तर भारतीय पासपोर्टवर असा प्रवास कितपत शक्य आहे?

हा प्रवास नेमका काय होता?

‘थोर’ या नावाने ओळखले जाणारे पेडरसन मालवाहतुकीच्या क्षेत्रात काम करत होते. त्याआधी लष्करात असताना संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतही त्यांनी सेवा केली होती. २०१३ मध्ये वडिलांनी त्यांना जगभर भटकणाऱ्या प्रवाशांवरचा एक लेख पाठवला. जगातल्या सगळ्या देशांत जाऊन आलेले लोक आहेत, पण एकदाही विमानात न बसता आणि मध्येच घरी न परतता सलग प्रवासात हे कुणी केलेले नाही, असे त्यांच्या लक्षात आले. १० ऑक्टोबर २०१३ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी ते डेन्मार्कमधून निघाले. युरोप, उत्तर आणि दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मध्यपूर्व, आशिया आणि पॅसिफिकमधील बेटे असे करत २४ मे २०२३ रोजी ते मालदीवमध्ये, म्हणजे यादीतल्या शेवटच्या देशात पोहोचले. तिथूनही विमानाने परतायचे नव्हतेच. कंटेनर जहाजाने ते २६ जुलै २०२३ रोजी डेन्मार्कमधील ऑर्हुस बंदरात उतरले. एकूण दिवस भरले ३,५७६.

नियम कोणते होते?

नियम त्यांनी स्वतःच ठरवले होते आणि ते मोजकेच होते. प्रत्येक देशात किमान २४ तास थांबायचे. विमानप्रवास कोणत्याही कारणासाठी करायचा नाही. शेवटचा देश होईपर्यंत मायदेशी परतायचे नाही. खर्च दिवसाला सरासरी २० डॉलरच्या आसपास ठेवायचा आणि त्यातच प्रवास, मुक्काम, जेवण आणि व्हिसाचे शुल्क भागवायचे. ३,५७६ दिवसांचा हिशेब केला तर ही रक्कम सुमारे ७१,५०० डॉलर होते. यासाठी त्यांना प्रायोजकाची मदत मिळाली. डॅनिश रेड क्रॉसचे सदिच्छादूत म्हणूनही ते या प्रवासात वावरले. ठिकठिकाणच्या रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्थांना भेटी देणे हा त्या कामाचा भाग होता.

जगात २०३ देश आहेत का?

देश किती, याचे एकच उत्तर नाही. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ आहेत. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन हे दोन निरीक्षक धरले की संख्या १९५ होते. तैवान आणि कोसोव्हो यांना काही देश मान्यता देतात, काही देत नाहीत. पेडरसन यांनी वादात न पडता अशा प्रदेशांचाही यादीत समावेश केला आणि आकडा २०३ वर नेला.

याआधी असे कुणीच केले नव्हते का?

ब्रिटनचे ग्रॅहम ह्यूज यांनी १ जानेवारी २००९ रोजी उरुग्वेमधून सुरुवात करून नोव्हेंबर २०१२ मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथे आपली यादी पूर्ण केली होती. तीही विमानाचा आधार न घेता. मात्र काही देशांत त्यांचा मुक्काम अगदीच थोडका होता. प्रत्येक देशात २४ तास आणि मध्ये घरवापसी नाही, या दोन अटी पेडरसन यांच्या प्रवासाला वेगळा ठरवतात आणि कित्येक पटींनी अवघडही.

चार वर्षांची दहा का झाली?

मूळ हिशेब सोपा होता. एका देशाला सरासरी सात दिवस धरले, तर २०३ देशांना १,४२१ दिवस, म्हणजे चार वर्षांपेक्षा थोडे कमी. प्रत्यक्षात एका देशामागे सरासरी साडेसतरा दिवस लागले. करोनामुळे उशीर झाला, हे उत्तर अर्धेच खरे आहे. महासाथीत हाँगकाँगमध्ये अडकून पडलेले सुमारे ७०० दिवस वजा केले, तरी जवळपास आठ वर्षे उरतात. ठरवलेल्या वेळेच्या दुप्पट.

हा वेळ गेला तो बहुतांशी दूतावासांच्या दारात. युरोपात डॅनिश नागरिकाला कुणी अडवत नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत मात्र एकेका सीमेसाठी स्वतंत्र व्हिसा लागतो आणि तो मिळेलच याची खात्री नसते. इक्वेटोरियल गिनी या छोट्याशा देशाच्या व्हिसासाठी पेडरसन यांना कित्येक महिने खटपट करावी लागली. विमानाने जाणारा प्रवासी असा देश वगळून पुढच्या देशात उतरू शकतो आणि सवडीने परत येऊ शकतो. जमिनीवरून जाणाऱ्याला ही सोय नाही. एक व्हिसा अडला की त्यामागे आधी मिळवलेल्या पुढच्या देशांच्या व्हिसांची मुदतही संपत जाते आणि सगळी साखळी नव्याने जुळवावी लागते.

समुद्र कसे ओलांडले?

साडेतीन लाख किलोमीटरहून अधिक अंतर कापताना त्यांनी ३५१ बस आणि १५८ रेल्वेगाड्या वापरल्या. खरी कसोटी मात्र ३७ कंटेनर जहाजांची होती. मालवाहू जहाजात प्रवाशाला तिकीट काढून चढता येत नाही. कंपनीची परवानगी, विमा आणि बंदरावरील अधिकाऱ्यांची संमती असे सगळे जुळावे लागते. मालवाहतुकीतला जुना अनुभव आणि ओळखी इथे त्यांच्या कामी आल्या. आइसलँडहून कॅनडाला जाताना उत्तर अटलांटिकमध्ये त्यांचे जहाज चार दिवस वादळात सापडले होते. पॅसिफिकमधील बेटांचे गणित आणखी वेगळे. दोन बेटे नकाशावर शेजारी दिसली, तरी त्यांच्यात थेट जहाज असेलच असे नाही. माल ज्या मोठ्या बंदरातून जातो, तिथे परत जाऊन पुढचे जहाज धरावे लागते.

हाँगकाँगमध्ये काय घडले?

याच कारणाने जानेवारी २०२० मध्ये ते हाँगकाँगला पोहोचले. तिथे केवळ चार दिवस थांबून पुढे पलाऊ या बेटांच्या देशाकडे निघायचे होते. फक्त नऊ देश उरले होते. तेवढ्यात करोनाची साथ पसरली, सीमा बंद झाल्या आणि जहाज कंपन्यांनी बाहेरच्या व्यक्तींना घेणे थांबवले. चार दिवसांचा मुक्काम दोन वर्षांचा झाला. विमाने थोडीफार सुरू होती, घरी परतण्याचा मार्ग खुला होता. पण त्या विमानात बसले असते तर सहा वर्षांहून अधिक काळ पाळलेला नियम तिथेच मोडला असता. त्यांनी तिथल्या डॅनिश नाविकांच्या चर्चमध्ये काम धरले, राहण्याचा परवाना मिळवला आणि वाट पाहिली. जानेवारी २०२२ मध्ये पलाऊकडे जाणारे जहाज त्यांना मिळाले.

या हट्टाची किंमत काय होती?

घानामध्ये त्यांना मेंदूवर परिणाम करणारा मलेरिया झाला. हा हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार असून वेळेत उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. मध्य आफ्रिकेत काँगोच्या सीमेजवळ रात्रीच्या वेळी मद्यधुंद गणवेशधाऱ्यांनी त्यांच्यावर बंदुका रोखल्या. आता आपण वाचत नाही, असे त्यांना वाटले होते. काही वेळाने त्यांना सोडून देण्यात आले.

दुसरी किंमत अशा घटनांइतकी ठळक दिसत नाही. निघताना त्यांचे प्रेमसंबंध नुकतेच कुठे आकाराला येत होते. ते घरी येऊ शकत नसल्याने प्रेयसीच विमानाने त्यांना जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत भेटायला जात राहिली. २०१६ मध्ये केनिया पर्वतावर त्यांनी तिला लग्नाची मागणी घातली. महासाथीत दोघांनी ऑनलाइन लग्न केले आणि २०२२ मध्ये वानुआतू या बेटांच्या देशात पुन्हा एकदा. एका व्यक्तीच्या ‘एकट्या’ प्रवासाचा भार दुसरी व्यक्तीही दहा वर्षे वाहत असते, हे अशा विक्रमांच्या बातम्यांत सहसा येत नाही.

भारतीय पासपोर्टवर असा प्रवास शक्य आहे का?

अडचण घराबाहेर पडतानाच सुरू होते. पश्चिमेकडची अटारी-वाघा सीमा एप्रिल २०२५ पासून बंद आहे. पूर्वेला मणिपूरमधील मोरेहून म्यानमारमध्ये जाणारा रस्ता तिथल्या यादवीमुळे भरवशाचा राहिलेला नाही. नेपाळला व्हिसा लागत नाही, पण त्यापुढे तिबेट आहे आणि तिथे परदेशी व्यक्तीला एकट्याने मोकळेपणी फिरण्याची मुभा नाही. म्हणजे विमान टाळायचे ठरवले तर भारतीय प्रवासी पहिल्याच टप्प्यावर अडखळतो.

दुसरा प्रश्न पासपोर्टच्या वजनाचा. डॅनिश पासपोर्टवर आधी व्हिसा न काढता जाता येतील अशी ठिकाणे १८० हून अधिक आहेत, तर भारतीय पासपोर्टवर ती साठच्या आसपास आहेत. त्यातही व्हिसाची पद्धत सुट्टीवर जाऊन परतणाऱ्या पर्यटकासाठी आखलेली आहे. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण, बँकेचे स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्र, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र अशी कागदपत्रे मागितली जातात. नोकरी सोडून दोन-तीन वर्षांसाठी निघालेल्याकडे यातले निम्मे कागद नसतातच.

शेंगेन व्हिसाचे उदाहरण बोलके आहे. युरोपातील २९ देशांसाठी चालणाऱ्या या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो आणि तो सहसा आपण कायदेशीररीत्या राहतो त्याच देशातून करावा लागतो. आशिया-आफ्रिका करत दोन वर्षांनी युरोपच्या सीमेवर पोहोचणाऱ्याला तो मुंबईहून निघताना मिळू शकत नाही आणि वाटेत मिळणेही कठीण. मिळालाच तरी १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते.

म्हणून हे अशक्य आहे असे नाही. परभणीचे पत्रकार विष्णुदास चापके २०१६ मध्ये एकट्याने जगभ्रमंतीला निघाले आणि ३५ देश पाहून २०१९ मध्ये परतले. मात्र सगळे देश, विमान नाही, परत येणे नाही, अशा अटी भारतीय प्रवाशाने स्वतःला घालून घेतल्या, तर त्याला पेडरसन यांच्यापेक्षा जास्त वेळ लागेल हे उघड आहे.

लांबच्या भटकंतीचा बेत असेल तर काय लक्षात घ्यावे?

मार्ग नकाशावर आखण्याआधी व्हिसांच्या तारखांवर आखावा. जे व्हिसा केवळ भारतातूनच मिळतात ते देश प्रवासाच्या सुरुवातीला ठेवावेत, ई-व्हिसा देणारे देश मध्ये पेरावेत. मुक्त संचाराच्या किंवा मोठ्या मुदतीच्या देशांत थांबून पुढचे अर्ज करावेत. नेहमीचा पासपोर्ट ३६ पानांचा असतो. जास्त प्रवास असेल तर ६० पानांचा घेण्याची सोय आहे.

पीतज्वराची लस विसरून चालत नाही. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देश तिचे प्रमाणपत्र मागतात. लस घेतल्यावर ते दहा दिवसांनी लागू होते आणि आता आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. हे प्रमाणपत्र नसेल, तर अशा देशांतून भारतात परतणाऱ्यालाही सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. हिवतापाच्या भागांत प्रतिबंधक गोळ्या आणि मच्छरदाणी यांचा खर्च बजेटमध्ये आधीच धरावा, कारण तिथली बचत महागात पडते.

आणि वेळेचा अंदाज बांधताना अंतराला भागाकार करू नये. पेडरसन यांनी देश गुणिले सात दिवस असा हिशेब केला होता. त्यात बंद कार्यालये, नाकारलेले अर्ज, न आलेली जहाजे आणि आजारपण यांची बेरीज नव्हती. या बेरजेत कुणाला किती दिवस मोजावे लागतील, हे पायांतल्या बळापेक्षा हातातल्या पासपोर्टच्या रंगावर अधिक ठरते.