आमच्या माळावरचे ऊन

२०२४च्या श्रावणात गावाकडून थोरल्या चुलतभावाचा फोन आला. "पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला ये. माळाचा इषय हाय. तुझी सही लागंल." आम्ही प्राध्यापक मंडळी सही म्हटली की हजेरीपट नाहीतर उत्तरपत्रिका एवढेच ओळखतो. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर दादाच्या नावाशेजारी माझेही नाव लागले आहे, हे मी सोयीने विसरून गेलो होतो. पुण्यात कवितेचे तास घ्यावेत आणि वर्षातून एकदा, गावाकडून ज्वारीचे पोते आले म्हणजे, जमिनीविषयी थोडे गहिवरून बोलावे, असा आमचा शिरस्ता.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. या प्रकरणातली दोन्ही बाजूंची माणसे अजून एकाच पारावर बसतात, ते तसेच राहावे. ज्या जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक म्हसवडच्या सिद्धनाथाला नारळ फोडतात. ऊन मात्र भरपूर. आजवर त्या उन्हाला कोणी विचारीत नव्हते; आता त्याला भाव आला आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली आणि २०२३ साली तिचा दुसरा, मोठा अवतार आला. कल्पना चांगली आहे. वीज उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरांच्या आत सौर पट्ट्यांचे प्रकल्प उभारायचे आणि शेतीला दिवसा वीज द्यायची. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, तेही दरसाल तीन टक्क्यांनी वाढणारे. सरकारी जमीन असेल तर भाडे नाममात्र एक रुपया. आणि खेड्यात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान. म्हणूनच या योजनेपायी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ग्रामसभा तापल्या आणि गायरान देणार नाही असे ठराव झाले.

आमच्या गावाला ही गोष्ट कळली ती मोजणीची माणसे माळावर खुणा ठोकू लागली तेव्हा. आधी कोणी विचारले नव्हते. गावाच्या उत्तरेला ते गायरान, आणि त्याला लागून आमचा पाच एकरांचा तुकडा.

मी आदल्या दिवशी पोहोचलो. जेवताना दादाने पायावरचे धोतर वर सारून घोट्याजवळचा काळा डाग दाखवला. तो मी पूर्वी पाहिला होता, पण विचारला नव्हता. आमच्याकडे पंपाला वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. अशाच एका रात्री दोन वाजता मोटार चालू करायला गेला असताना त्याला फुरसे चावले. वहिनी बॅटरी धरून मागे होती म्हणून वेळेवर साताऱ्याला नेता आले. "तुमी पुण्यात बसून माळ वाचवा म्हंता," दादा म्हणाला, "वाचवा. पर एक रात माज्यासंगं दारं धरायला चला." मी काहीच म्हटलेले नव्हते. वहिनीने गुपचूप माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

म्हणजे विरोध करणारे शहाणे आणि प्रकल्प मागणारे लोभी, असा सरळ हिशेब इथे नाही. दिवसा वीज हवी असे म्हणणारा माणूस रात्रीच्या अंधारातून आलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सभेच्या आधी, मी माळावर गेलो. तिथे धनगरवाड्यातले आबा मेंढरे घेऊन उभे होते. आबांचा वाडा दिवाळी झाली की पश्चिमेकडे निघतो, फलटणच्या बाजूने पुढे घाटाखाली, आणि ज्येष्ठात परत येतो. पावसाळ्यात कोकणच्या चिखलात मेंढी टिकत नाही, खुरे सडतात. ते चार-साडेचार महिने तिला कोरडा, मुरमाड, थोड्या पावसात हिरवा होणारा माळच लागतो. असा माळ म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत हा टापू. आबांना स्वतःच्या नावावर जमीन अर्धा एकर. बाकी सारे गायरान. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २२ आहे, त्याप्रमाणे गावच्या जनावरांच्या फुकट चराईसाठी अशी जमीन राखून ठेवतात. २०११ साली शासनाने निर्णय काढला की दुसरी जागा मिळत नसेल तरच, सार्वजनिक कामासाठी, गायरान वापरावे. आता वीज हे सार्वजनिक काम नव्हे असे कोण म्हणेल? आणि दुसरी जागा आहे की नाही, हे कोण बघणार?

माझ्याजवळ प्रकल्पाच्या कागदाची प्रत होती. त्यात जमिनीचे वर्णन एका शब्दात होते: पडीक. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी. तो शब्द मला कुसळासारखा टोचला. पडीक म्हणजे पडून राहिलेली. मी आबांना विचारले, "आबा, ही जमीन पडीक आहे का?" ते हसले. "आवं मास्तर, पडीक आसती तर मेंढरं काय दगडं खात्यात?" आणि चालता चालता त्यांनी मला तो माळ सांगितला. इथे पवन्या येतो, तिथे मारवेल; ही कुसळी कोवळी असताना चालते, पिकली की मेंढीच्या कातड्यात शिरते. हे हिवर, ही तरवड, ही बोराटी. ही लांडग्याची घळ. हा वाघजाईचा खडक, याच्या पोटाला आश्विनापर्यंत पाणी राहते. आणि तो उंचवटा म्हणजे कावडीचा टप्पा. चैत्रात शिखर शिंगणापूरला जाणाऱ्या आमच्या बाजूच्या कावडी तिथे विसावतात, कारण तिथून शंभुमहादेवाचे शिखर पहिल्यांदा दिसते. महसुलाच्या नकाशात या सगळ्याला मिळून एक गट नंबर आहे.

शिंगणापूरशी भोसले घराण्याचे नाते जुने आहे. मालोजीराजांनी डोंगरावर तळे बांधले असे सांगतात, आणि रा. चिं. ढेरे यांनी तर या दैवताच्या वाटेने भोसल्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथच लिहिला. सासवडच्या भुत्या तेल्याची मानाची कावड मुंगी घाटाचा कडा चढून वर येते, ते पाहायला हजारो लोक जमतात. त्या कड्याला कोणी हात लावणार नाही. पण इतिहास केवळ कड्यावर नसतो. त्या कड्याकडे जाणाऱ्या पायवाटांवरही असतो, आणि पायवाटेला सातबारा नसतो. प्रकल्पाला तारेचे कुंपण येणार, आणि कावडीचा टप्पा कुंपणाच्या आत जाणार.

ऑस्ट्रेलियात अशा पट्ट्यांखाली मेंढ्याच चारतात, त्यामुळे गवत कापण्याचा खर्च वाचतो, असे मी वाचले होते. तेही मी आबांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला. "मेंढरं कुनाची? कंपनीची का आमची?" मला उत्तर येईना.

हा जिल्हा अशा गोष्टींना नवखा नाही. पश्चिमेला चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहून वीसपंचवीस वर्षे झाली. २००३च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा सातारा-सांगलीकडे घरोघर म्हणत, या चक्क्या ढग पळवून लावतात. शहरातल्या लोकांनी त्याची थट्टा केली, मीही केली. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर नव्हतेच. शे-दीडशे मीटर उंचीचे पाते पावसाचे ढग कसे अडवील? पण पुढे २०१८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्याच चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चक्क्यांच्या भागात ससाणे-घारींसारखे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले, आणि त्यांचा धाक गेल्यामुळे सरडे वाढले आणि धीट झाले. (त्या सरड्याच्या जातीला २०१६ साली शास्त्रीय नाव दिले गेले ते 'सरडा' असेच, आपला मराठी शब्द जसाच्या तसा उचलून. आमच्या विभागात त्या दिवशी मी पेढे वाटायला हवे होते.) म्हणजे गावकऱ्यांचे ढगांचे कारण चुकले होते, पण वर काहीतरी बदलले आहे, हे त्यांना दिसत होते. लोकांच्या तक्रारीतले शास्त्र चुकले म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे मी तेव्हा शिकायला हवे होते.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. झेंडावंदनाचे चॉकलेट चघळत पोरे भिंतीवर बसली होती. बागायतदार पुढे, धनगरवाडा मागे, आणि बायका बाजूला कडुनिंबाखाली. उरमोडीचे पाणी ज्यांच्या शिवारापर्यंत आले ते वीज मागत होते. ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांना विजेचे कौतुक नव्हते. प्रकल्प झाला तर ग्रामपंचायतीला तीन वर्षांत पंधरा लाख मिळतील, असे कोणी सांगितले. कडुनिंबाखालून एक म्हातारी म्हणाली, "आन् शेरडं कुटं बांधायची? पंचायतीत?" सगळे हसले. पण तिच्या चार शेळ्यांवर तिचे घर चालते, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होते.

मग मी उभा राहिलो. वर्गात बोलायची सवय, त्यामुळे आवाज आपोआप चढला. मी म्हटले, गायरान ज्यांना जमीन नाही त्यांचे आहे. ज्यांना आहे, आणि जे कसत नाहीत, त्यांनी द्यावी. आमचे पाच एकर आम्ही देतो. गावात माझ्यासारखे पुण्या-मुंबईला गेलेले पंधरा-वीस जण तरी आहेत, त्यांनीही द्यावे. टाळ्या पडल्या. मला बरे वाटले.

टाळ्या थांबल्यावर भिंतीला टेकलेला एक तरुण शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या रानाला हेक्टरी सव्वा लाख, गायरानाला एक रुपया. ते तुमच्याकडं कशाला येतील?"

पटांगणात कोणी काही बोलले नाही. साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या पोराने एका वाक्यात सांगितले होते, आणि मी तासभर बोलून त्याच्या जवळपासही गेलो नव्हतो. जी जमीन कोणाची नाही असे कागद म्हणतो तिची किंमत एक रुपया, आणि तीच खरी म्हणजे सर्वांत जास्त जणांची.

ठराव झाला तो असा. गायरानातला खालचा, रस्त्यासाठी मुरूम उपसून खड्डे पडलेला भाग प्रकल्पाला द्यावा. तिथे गवत नाहीच. उरलेली गरज खाजगी जमिनीतून भागवावी. कावडीची वाट, वाघजाईचा खडक आणि मेंढरांचा पाणवठा कुंपणाबाहेर राहावा. दादाने हात वर केला. आबांनीही केला, पण थोडा उशिराने. ठराव वर पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.

संध्याकाळी आबा घरी आले. उंबऱ्यापाशी बसून त्यांनी चहा घेतला आणि मला म्हणाले, "मास्तर, तुमचं रान तुमी दिलं, चांगलं केलं. पर दर साली आमची मेंढरं पंधरा रोज तितं बसत्यात." मी दादाकडे पाहिले. हे मला ठाऊकच नव्हते. वाडा पावसाळ्यात आमच्या तुकड्यावर मेंढ्या बसवतो. लेंडीखताने ते रान कधीमधी ज्वारी देते, आणि त्याबद्दल दादा वाड्याला दोन पायली धान्य घालतो. ज्या पोत्याने मला गहिवर येत असे, ते पोते त्या खतातून आलेले होते. ज्याला मी कसत नाही म्हणालो ते रान असे कसले जात होते.

मी गडबडीने म्हटले, "आबा, मग देत नाही."

"आसं कसं," दादा म्हणाला. "सभंत बोललास."

वर्षाला अडीच लाखांचा तो कागद सध्या माझ्या टेबलाच्या खणात, तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या खाली आहे. दादा दर आठवड्याला फोन करतो. आधी पावसापाण्याचे विचारतो, मग सहीचे. दिवाळीनंतर वाडा फलटणच्या वाटेला लागेल. आबांनी निरोप पाठवला आहे की ज्येष्ठात परत आल्यावर मेंढरे कुठे बसवायची, ते त्यांना आत्ताच सांगावे, म्हणजे दुसऱ्या गावात विचारून ठेवता येईल.