उंचीचा आकडा काय सांगतो?

शाळेच्या आरोग्यपत्रकात उंचीचा रकाना असतो आणि तो बहुधा भरलेलाही असतो. पण त्या आकड्यावरून मुलाची वाढ नीट होते आहे की नाही, हे कसे ठरवायचे?

समजा, खुलताबादच्या बालवाडीतील एका मुलाची उंची ९९.५ सेंमी भरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार पाच वर्षांच्या मुलग्याची मध्यक उंची ११० सेंमी असते, ती १००.७ सेंमीपेक्षा कमी असेल तर त्याला खुजा म्हणतात. म्हणजे आपला मुलगा खुजा ठरला. पण त्याचे खरे वय साडेचारच असेल तर? त्या वयाची सीमा ९७.८ सेंमी आहे. मुलगा तोच, उंचीही तीच. निष्कर्ष मात्र उलटा! शाळेत नाव घालताना सर्रास १ जून ही जन्मतारीख लिहिण्याची जुनी पद्धत आपल्याला माहीत आहेच. म्हणून वय नेहमी जन्मनोंदीवरून घ्यावे.

आता मोजणी. भिंत ओळंब्यात आणि जमीन सपाट हवी. भिंतीवर पट्टी पक्की चिकटवावी. हातात धरलेली टेप झोल खाते. चपला काढाव्यात, अंबाडा किंवा उंच बांधलेले केस सोडावेत. टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला टेकवून नजर समोर ठेवायला सांगावे. डोक्यावर सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून वाचन घ्यावे. दोनदा मोजून सरासरी काढावी. दिवसभरात मणक्यांमधील कूर्चा दबून उंची सुमारे १ सेंमीने घटते, म्हणून दर वेळी तीच वेळ ठेवावी.

दोन मोजण्यांत किती अंतर असावे? जन्मतः मूल सुमारे ५० सेंमी लांब असते. पहिल्या वर्षी ते सुमारे २५ सेंमी वाढते, दुसऱ्या वर्षी सुमारे १२. प्राथमिक शाळेच्या वयात हा वेग वर्षाला ५ ते ६ सेंमी, म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा सेंमी असतो. मोजण्यातली चूकही सहज तेवढी होते! म्हणून दर महिन्याला उंची मोजून हाती काही लागत नाही. सहा महिन्यांनी मोजावी. वर्षभरात मूल ४ सेंमीही वाढले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

‘आईबापच बुटके, मूल उंच कुठून होणार?’ असे आपण ऐकतो. एकेका मुलाबाबत त्यात तथ्य असू शकते; पण गावातील बरीच मुले खुजी असतील, तर अनुवंशाकडे बोट दाखवून चालत नाही. वरील मानकांसाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे ८,५०० मुले मोजली गेली. भारतातील मुले दिल्लीची होती. अंगावरचे दूध, पुरेसा आहार आणि स्वच्छता मिळाली, तेव्हा सहाही ठिकाणची लहान मुले जवळजवळ सारखीच वाढली.

वजन आजारपणात आठवड्यात घटते. उंची घटत नाही, तिची वाढ खुंटते. वजन मुलाचे आजचे हाल सांगते, उंची त्याचा मागचा इतिहास. हा इतिहास बव्हंशी गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत लिहिला जातो. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून सुरू झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५ टक्क्यांवर आले. तरीही तीन मुलांमागे एक मूल उरतेच.

ती मुले आपल्याच वर्गात पहिल्या रांगेत बसलेली असतात. त्यांच्या उंचीचा आकडा वर्गात मोठ्याने वाचू नये. तो तक्त्यावर मांडावा, सहा महिन्यांनी त्यापुढे दुसरा ठिपका द्यावा आणि घरी धाकटे भावंड असेल, तर त्याच्या वजन-उंचीची चौकशी अंगणवाडीत जरूर करावी. थोरल्याची गेलेली दोन वर्षे परत आणता येत नाहीत. धाकट्याची अजून हातात असतात.