७० दिवसांची बेगमी

श्रीनगरच्या लाल चौकात भर जानेवारीत माणसांच्या फेरनच्या बाह्या रिकाम्या लोंबताना पाहिल्या होत्या. हात आत, पोटाशी धरलेल्या कांगडीवर. वाळुंजाच्या फोकांच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं आणि त्यात दिवसभर धगधगणारा विस्तव. तो येतो कुठून, हे बघायला नोव्हेंबरात पुन्हा गेले आणि नसीमबागेत चिनारच्या पानगळीत पोचले.

चिनारवर कुऱ्हाड चालवायला १९६९ च्या कायद्यानं मनाई आहे. गळलेलं पान मात्र जो वेचील त्याचं. वेचणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. खराट्यानं झाडायचं, चादरीत बांधायचं, डोक्यावर घेऊन घर गाठायचं. त्यांतल्या एका आपांच्या मागोमाग मी त्यांच्या अंगणात गेले.

आपांनी ढीग पेटवला. पानं तडतडली, भडकली. ज्वाळा बसू लागल्या तशी आपांनी डहाळ्यांची जुडी बादलीत बुडवली आणि पाणी शिंपडलं. पानांचा कोळसा करायची सगळी विद्या या क्षणात आहे. घाई केली तर पान कच्चं राहतं आणि पुढे फेरनच्या आत धुमसतं. उशीर झाला तर हाती नुसती राख. आपा ज्वाळेकडे बघतच नव्हत्या, त्यांची नजर धुरावर होती. दुसरा ढीग, तिसरा ढीग. दर वेळी तो क्षण हेरायला मी टक लावून बसले आणि दर वेळी त्यांचा हात आधी उठला.

हा कोळसा किती दिवस पुरवायचा? "४० चिल्लई कलानचे, २० खुर्दचे, १० बच्च्याचे," आपांनी बोटांवर मोजलं. "७०."

हे इथल्या कडाक्याच्या हिवाळ्याचे तीन टप्पे. २१ डिसेंबरला बसणारी ही थंडी घराघरातले नळ गोठवते. १८९३ च्या जानेवारीत इथला पारा उणे १४.४ अंशांवर उतरल्याची नोंद आहे. नेमकं याच दिवसांत नद्यांचं पाणी घटतं, जलविद्युत कमी पडते आणि वीज जाते. आपांच्या मुलानं विजेचं ब्लँकेट आणलंय. "दिवे गेले की तोही कांगडीच मागतो," आपा म्हणाल्या.

धुराबद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत. डोंगरांच्या कोंडाळ्यात तो अडकून राहतो, म्हणून पानं जाळण्यावर बंदीचे हुकूम निघतात. कांगडीच्या चटक्यांनी भाजत राहिलेल्या कातडीला कर्करोग होतो, हे मिशनरी डॉक्टर विल्यम एल्मस्ली यांनी १८६६ मध्येच लिहिलं. आपांच्या नडगीवरही तांबूस-काळी जाळी उमटलेली दिसली. तरी मला वाटतं, बंदी घालणाऱ्यांनी आधी ७० दिवसांची अखंड वीज द्यावी. तोवर या शहराची ऊब या बायकांच्या राबण्यावर उभी आहे, आणि त्या राबण्याची नोंद कुठल्याच दप्तरी नाही.

दुपार कलताना निवलेला भुगा पोत्यांत भरला. एक पोतं आपांनी बाजूला सारलं, सासरी असलेल्या मुलीसाठी. तिच्या नव्या वस्तीत चिनार नाहीत.