मलम लावलं, दुखणं लपलं



२०२० साली इस्राएल आणि संयुक्त अरब अमिरात यांचा करार झाला, थेट विमानं सुरू झाली आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना दुबई म्हणजे नातेवाईकांना भेटण्याचं अर्ध्या वाटेवरचं ठिकाण वाटू लागलं. आम्ही दोघंही २०२३ साली शाबुओथचा सण आटोपून जूनमध्ये तिकडे गेलो. भाचा करामा भागात राहतो. ठाण्याहून मावशी आली होती, वय वर्षं ७२. चार वर्षांनी भेट झाली, त्यामुळे गप्पांना ऊत आला होता.

दुसऱ्याच दिवशी मावशी म्हणाली, "डाव्या बरगडीखाली आग आग होतेय गं. पोलकं लागलं तरी चटका बसतो." पाहिलं तर त्वचा स्वच्छ. पुरळ नाही, लाली नाही. बाहेर चाळिशीपार ऊन, आत रात्रंदिवस एसी, कातडी कोरडी पडली असेल, असं आम्हीच ठरवून टाकलं.

संध्याकाळी एका मॉलमध्ये गेलो. दुकानातली मुलगी गोड बोलणारी होती. तिने काचेची छोटी डबी पुढे केली. "आंटी, हे साधं क्रीम नाही. हे त्वचेच्या नसांवर काम करतं. नसा शांत झाल्या की त्वचा शांत." मावशीच्या मनगटावर बोटभर लावलं. मावशी म्हणाली, "अगं बाई, बर्फच की!" किंमत ३५० दिरहम. मावशी नको नको म्हणत होती, पण आम्हीच हौसेने घेऊन दिलं.

पुढचे दोन दिवस मावशी ते लावत राहिली. लावलं की तासभर बरं वाटे. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे अबू धाबीला २०२३ मध्येच उघडलेलं मोशे बेन मैमोन सिनेगॉग पाहायला गेलो. मावशीही आली, हसतमुखाने. त्या दिवशी सकाळीच तिच्या अंगावर लाल पुटकुळ्या उठल्या होत्या, पण ती बोलली नाही. एक तर आमची सहल मोडू नये म्हणून. दुसरं म्हणजे, क्रीमने आतली उष्णता बाहेर पडतेय असं तिला वाटलं. आणि तिसरं कारण तिने नंतर सांगितलं, तिला भीती वाटत होती. पाठीपासून पोटाकडे रांगेने निघालेले फोड तिने ओळखले होते. नागीण! लहानपणी गावात तिने ऐकलं होतं, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जगत नाही.

पुटकुळ्या उठल्यावर चौथ्या दिवशी, कपड्याला डाग दिसले तेव्हा, आमच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी बघताक्षणी निदान केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फोड कधी उठले?" नागिणीवरची विषाणूविरोधी गोळी फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर सर्वांत चांगली लागू पडते. आमचे ७२ तास त्या डबीत गेले होते. गोळ्या उशिरा सुरू झाल्या. फोड सुकले, पण आग राहिली. पुढचे सात महिने मावशी कुशीवर झोपू शकली नाही.

मग ती मुलगी खोटं बोलली का? आम्ही घरी येऊन बरंच वाचलं, आमच्या डॉक्टरांनाही विचारलं. उत्तर असं की ती अर्धं खरं बोलली.

त्वचा आणि मज्जासंस्था या दोघी बहिणीच. गर्भात दोन्ही एकाच थरातून तयार होतात. त्वचेत नसांची बारीक टोकं पसरलेली असतात आणि त्यांवर उष्ण, थंड, झोंबणारं ओळखणारी 'दारं' असतात. मिरच्या कांडताना हाताची आग का होते? मिरचीतलं कॅप्सेसिन जे दार उघडतं तेच दार ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेनेही उघडतं. मेंदूला वाटतं, हात भाजला. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे १९९७ साली दाखवलं. पुदिन्यातल्या मेंथॉलचं, म्हणजे थंडाव्याचं दार वेगळं. २०२१ चं नोबेल पारितोषिक ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना अशाच शोधांसाठी मिळालं.

म्हणजे १८९३ पासून डोक्याला चोळत आलेलं आपलं अमृतांजनसुद्धा नसांवरच काम करतं! हल्ली 'न्यूरोकॉस्मेटिक' या भारी नावाने मिळणाऱ्या अनेक क्रीमचं कामही याच जातीचं. झोंबणारं दार जरा बंद करायचं, थंडाव्याचं जरा उघडायचं. कोरड्या, हुळहुळ्या त्वचेला त्याने बरं वाटतं, त्यात फसवणूक नाही.

दुसरी जात आहे 'बोटॉक्ससारखं' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेप्टाइडची. नस स्नायूला जो निरोप देते तो अडवून सुरकुती सैल करायची, अशी कल्पना. बोटॉक्स सुईने थेट स्नायूत जातं. क्रीमला मात्र कातडीची भिंत ओलांडावी लागते. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा कण ती भिंत सहज ओलांडत नाही, आणि या जातीचं सर्वांत गाजलेलं आर्जिरेलीन जवळपास ८९० डाल्टनचं. तेव्हा वरवरची मऊ त्वचा मिळेल, सुईचा परिणाम कुठून मिळणार?

मुख्य गोष्ट ही की सौंदर्यप्रसाधन आणि औषध यांत फरक आहे. क्रीम जाणीव बदलतं, रोग नाही. नागिणीचा विषाणू म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच. तो मणक्याजवळ नसांच्या गाठीत वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि वय झालं, ताकद घटली की एका नसेवरून बाहेर येतो. म्हणून आग आधी आणि फोड मागाहून. ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून पट्टाही सहसा एकाच बाजूला. तोंड-शेपूट जुळण्याची भीती निराधार आहे. हे आधी माहीत असतं तर मावशीने लपवलं नसतं.

गंमत म्हणजे शेवटी मावशीला उतार पडला तो नसांवरच्याच मलमाने. जखमा पूर्ण भरल्यावर ठाण्याच्या डॉक्टरांनी कॅप्सेसिनचं, म्हणजे मिरचीच्या अर्काचं मलम दिलं. सुरुवातीला झोंबतं, पण रोज लावत राहिलं की त्या नसा थकून गप्प होतात. मावशी फोनवर म्हणाली, "मिरचीनेच आग विझली बघा!" पण हे स्वतःच्या मनाने करू नये. उघड्या फोडांवर तर मुळीच नाही.

वाचकहो, आमच्यासारखी चूक करू नका. अंगाच्या एकाच बाजूला विनाकारण आग होत असेल तर कपडे बाजूला करून रोज त्वचा बघा. पुटकुळी दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, परदेशात असलात तरी. डोळ्याजवळ असेल तर तासभरही थांबू नका. मधुमेह्यांनी तळपायाची आग क्रीमवर भागवू नये. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची दोन डोसांची लस निघाली आहे, आपल्या कुपत होलिममध्ये जरूर विचारा.

ज्यांच्या नावाचं सिनेगॉग आम्ही त्या दिवशी बघत होतो, ते रंबाम स्वतः मोठे वैद्य होते. आम्ही त्यांच्या दारात उभं राहून फोटो काढत होतो आणि शेजारी मावशी पदराखाली दुखणं झाकून उभी होती. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. बघितला की आपल्या माणसाला एवढंच विचारावंसं वाटतं, "खरंच बरं वाटतंय ना?"

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.